जुन्या आवृत्तीची बाजू

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या अमेरिकी खेळाने २०२४ मध्ये पन्नाशी गाठली आणि त्याच वर्षी त्याची सुधारलेली नियमपुस्तके बाजारात येऊ लागली. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढे सांगितले तरी पुरे की, चार-सहा जण टेबलाभोवती बसतात, त्यांतला एक जण सूत्रधार होऊन भुयारे, गावे, राक्षस आणि राजे शब्दांनी उभे करतो, बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या जगात आपण काय करणार ते बोलून दाखवतात आणि जिथे निकाल तर्काने लावता येत नाही तिथे फासे टाकतात. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ मालिकेतली मुले तळघरात खेळत बसतात तो हाच खेळ. सुवर्णमहोत्सवाच्या गाजावाजात एक वर्ग मात्र शांतपणे जुन्या पुस्तकांपाशीच बसून राहिला. कोणी १९८१ च्या, कोणी १९८९ च्या, कोणी २००० च्या नियमांवर खेळतो, आणि नवी पुस्तके परवडत नाहीत हे त्याचे कारण नव्हे. या मंडळींना स्मरणरंजनात रमलेले हटवादी ठरवून विषय मिटवण्याची रीत आहे. पण १९८१ च्या पुस्तकावर खेळणाऱ्यांत त्या सालानंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेलेही आहेत. त्यांना कोणत्या बालपणाची आठवण येणार? प्रश्न जुना आहे आणि तो या एका खेळापुरता नाही: नियम एकदा छापले गेले की ते कोणाच्या मालकीचे, लिहिणाऱ्याच्या, विकणाऱ्याच्या की खेळणाऱ्याच्या?

बुद्धिबळाने या प्रश्नाला पाचशे वर्षांपूर्वी तोंड दिले. आपल्याकडचे चतुरंग इराण आणि अरब मुलखांतून युरोपात पोहोचले तेव्हा वजीर तिरका एकच घर सरकत असे आणि उंट दोन घरांची उडी मारत असे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण युरोपात कोणीतरी, म्हणजे खरे तर कोणीही एकाने नव्हे, या दोघांना पटभर धावायची मुभा दिली आणि डावाची गतीच बदलली. लुसेना या स्पॅनिश लेखकाचे १४९७ चे पुस्तक या संक्रमणाचा उत्तम साक्षीदार आहे, कारण त्यातली काही कोडी नव्या चालींची आहेत तर काही जुन्या, आणि दोन्ही एकाच पुस्तकात नांदतात. जुने खेळणाऱ्याला नवे घ्यायची सक्ती नव्हती, कारण सक्ती करू शकेल असा मालकच नव्हता. जर्मनीतल्या हाल्बरश्टाटजवळच्या श्ट्रोबेक गावाने जगाने सोडलेल्या चाली कित्येक पिढ्या सांभाळल्या आणि १८२३ मध्ये तिथल्या शाळेत बुद्धिबळ हा शिकवायचा विषय झाला. आपल्याकडे वजिराची नवी चाल लोकांनी आनंदाने घेतली, पण पहिल्या खेपेला प्यादे दोन घरे पुढे टाकण्याची युरोपी मुभा बराच काळ घेतली नाही, आणि राजाला एकदा घोड्याची उडी मारू द्यायची देशी रीतही सोडली नाही. पंजाबातला मीर सुलतान खान याच देशी नियमांवर वाढला, युरोपी नियम त्याने उशिरा शिकले आणि १९२९, १९३२ व १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदे जिंकली. जुन्या आवृत्तीवर घडलेली बुद्धी नव्या आवृत्तीत लुळी पडते, हा समज त्याने परस्पर निकालात काढला.

श्ट्रोबेकपासून फार लांब नसलेल्या ब्राउनश्वाइगमध्ये हेलविग नावाच्या गणितज्ञाने १७८० मध्ये बुद्धिबळाचा पट फुगवून त्यावर डोंगर, नद्या आणि तोफा आणल्या. त्याच वाटेने पुढे जाऊन प्रशियातल्या राइसविट्झ पिता-पुत्रांनी ‘क्रीगस्पील’ म्हणजे युद्धखेळ घडवला. वडिलांनी १८१२ मध्ये तो राजासमोर मांडला आणि लष्करी अधिकारी असलेल्या मुलाने १८२४ मध्ये खऱ्या नकाशांवर, फाशांसह आणि मध्यस्थ पंचासह तो छापून प्रसिद्ध केला. प्रशियाच्या जनरल स्टाफचा प्रमुख म्यूफलिंग याने तो सैन्यात रुजवला. पण खेळ रुजला तसे पुस्तक जाड होत गेले. एकेका प्रसंगासाठी एकेक सारणी, सारणीला अपवाद, अपवादाला दुरुस्ती असे करता करता अर्ध्या शतकात अशी वेळ आली की, अनुभवी अधिकारी लढाईचा विचार करण्याऐवजी कोष्टके चाळू लागले. १८७६ मध्ये फेर्दी दु वेर्नुआ या सेनानीने ही सगळी कोष्टके आणि फासे बाजूला सारले आणि निर्णय पंचाच्या विवेकावर सोपवला. लष्करी इतिहासकार त्याला ‘मुक्त क्रीगस्पील’ म्हणतात. खरे पाहता तो नवा शोध नव्हताच. राइसविट्झच्या मूळ खेळातला पंच कोष्टकांच्या ढिगाऱ्याखालून पुन्हा वर काढलेला होता.

यानंतरची कडी मला या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाची वाटते. अमेरिकी सैन्यातला अधिकारी चार्ल्स टॉटन याने १८८० मध्ये ‘स्ट्रॅटेगोस’ नावाचे युद्धखेळाचे पुस्तक काढले. ते जुने झाले, विस्मरणात गेले आणि एका प्रतीच्या नशिबी मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे कपाट आले. सुमारे ऐंशी वर्षांनी डेव्हिड वेस्ली या विद्यार्थ्याच्या हाती ते पडले आणि खेळाडूने काहीही करून पाहावे, त्याचा निवाडा पंचाने करावा, ही त्यातली कल्पना त्याच्या डोक्यात बसली. १९६९ मध्ये त्याने ‘ब्राउनश्टाइन’ नावाचा डाव मांडला, ज्यात खेळाडूंच्या हाती पलटणी नव्हत्या; एकेकाच्या वाट्याला एकेक माणूस होता. त्या डावात बसलेल्या डेव्ह अर्नेसनने पुढे ‘ब्लॅकमूर’ नावाचे स्वतःचे काल्पनिक राज्य उभारले, विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हाच्या गॅरी गायगॅक्सचे १९७१ चे ‘चेनमेल’ हे लढाईचे नियम त्याला जोडले गेले, आणि १९७४ मध्ये तीन चिमुकल्या पुस्तिकांची दहा डॉलरची एक पेटी हजारभर प्रतींत बाहेर पडली. विसाव्या शतकातला हा सर्वांत नवा म्हणून गाजलेला खेळ बाजाराने कधीच टाकून दिलेल्या एका जुन्या आवृत्तीतून उगवला आहे.

ती पहिली पेटी अर्धीमुर्धी होती. तिच्यात विसंगती होत्या, गाळलेल्या जागा होत्या आणि शेवटी वाचकाला सांगितलेले होते की, राहिलेले तुमचे तुम्ही ठरवा. लोकांनी ठरवले. गावोगाव, वसतिगृहावसतिगृहांत वेगवेगळे नियम उगवले आणि पेटी काढणाऱ्या कंपनीला त्याची धास्ती वाटू लागली. १९७७ ते १९७९ या काळात गायगॅक्सने तीन जाडजूड ग्रंथांत ‘ॲडव्हान्स्ड’ म्हणजे प्रगत आवृत्ती सिद्ध केली आणि हा वेगळाच खेळ आहे, अशी भूमिका कंपनीने घेतली. अर्नेसनने १९७९ मध्ये मानधनासाठी न्यायालय गाठले आणि १९८१ मध्ये तडजोड झाली. नव्या आवृत्तीची कारणे खेळाच्या टेबलावर कमी आणि टेबलाबाहेर जास्त सापडतात, हा क्रम तिथूनच सुरू होतो.

त्याच १९८१ मध्ये टॉम मोल्डवे या लेखकाने मूळ खेळ चौसष्ट पानांत बसवून दाखवला. दहा वर्षांच्या मुलाला कळावे अशा भाषेत लिहिलेले हे पुस्तक आज उघडून पाहिले तर त्याची शिस्त थक्क करते. तीन फासे सहा वेळा टाकले की पात्राचे सहा गुण ठरतात. पहिल्या पायरीवरच्या जादूगाराला दिवसाला एकच मंत्र आणि बहुधा चारपेक्षा जास्त नाही इतका जीव. भुयारातली दहा मिनिटे म्हणजे एक खेप. मशाल सहा खेपा जळते आणि दर दोन खेपांनी सूत्रधार एक फासा टाकतो, एक पडला तर अंधारातून काहीतरी चालत येते. जे येते ते हल्लाच करील असे नाही. दोन फाशांची बेरीज ते चवताळलेले आहे, साशंक आहे की मैत्रीला तयार आहे हे ठरवते. लढाई जुंपलीच तर शत्रूच्या धैर्याचीही परीक्षा होते, कारण राक्षसालाही जीव प्यारा असतो आणि तो पळू शकतो. आणि सगळ्यांत कळीचा नियम अनुभवगुणांचा: योद्ध्याला दुसऱ्या पायरीवर चढायला दोन हजार गुण लागतात, एक गॉब्लिन राक्षस मारल्याचे अवघे पाच मिळतात, पण भुयारातून सुखरूप बाहेर आणलेल्या प्रत्येक सोन्याच्या नाण्याचा एक गुण मिळतो, आणि या सगळ्याची वाटणी सोबत्यांत होते. हिशेब ज्याचा त्याने करावा. चारशे गॉब्लिन मारण्यापेक्षा त्यांना फसवून, लाच देऊन, झोपेत गाठून किंवा दुसऱ्या टोळीशी झुंजवून पेटी पळवणारा शहाणा. ज्या खेळाला लोक मारामारीचा खेळ म्हणतात, तो या चौसष्ट पानांत मारामारी टाळण्याचा खेळ आहे, आणि हे कुठेही उपदेश म्हणून सांगितलेले नाही. मशाल, फासा आणि नाणे यांच्या जुळणीतून ते आपोआप घडते.

पुढच्या आवृत्त्यांनी यातला एकेक खिळा काढला. काढणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, खिळा कशासाठी ठोकला होता हे त्यांना आठवत नव्हते. १९८५ मध्ये कंपनीतली सत्ता गायगॅक्सच्या हातून गेली होती. अमेरिकेत हा खेळ मुलांना सैतानाच्या नादी लावतो अशी ओरड धार्मिक गटांनी चालवली होती. आणि १९८९ ची दुसरी आवृत्ती आली तेव्हा दैत्य आणि सैतान ही नावे पुस्तकातून नाहीशी झाली, त्यांच्या जागी पुढे कोणाला उच्चारता न येणारी नावे आली. ओरड करणाऱ्यांचे समाधान त्याने किती झाले हा प्रश्नच आहे. त्याच आवृत्तीत सोन्यासाठी गुण देण्याचा नियम ऐच्छिक झाला. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत गुण अडथळ्यांवर, म्हणजे बहुतांश वेळा शत्रूवर, मात केल्याचे मिळू लागले आणि शत्रूच्या धैर्याची परीक्षा गळाली. नियमांत काय उरले यावर टीकाकार भांडत राहिले, पण टेबलावर काय बदलले ते खेळणाऱ्यांना कळले: आता पळून जाणे हा पराभव झाला होता आणि प्रत्येक दरवाजामागे मापून ठेवलेली एक लढाई उभी होती. तो खेळही चांगला असू शकतो, अनेकांनी त्याचा मनापासून आनंद घेतला. पण तो दुसरा खेळ होता, आणि पहिला ज्यांना हवा होता त्यांनी पहिल्या पुस्तकाला चिकटून राहणे ही हट्टाची नव्हे, निवडीची गोष्ट होती.

मूळ कंपनी १९९७ मध्ये कर्जाच्या ओझ्याखाली विकली गेली. एकाच ग्राहकाला पाच-सहा वेगवेगळ्या काल्पनिक जगांची पुस्तके विकण्याच्या नादात तिने आपलाच ग्राहक वाटून टाकला होता. ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ने ती घेतली, आणि दोन वर्षांनी त्या कंपनीला ‘हॅस्ब्रो’ या खेळणी-उद्योगाने पोटात घेतले. या नव्या मालकांपैकी काहींना आधीच्या पडझडीचा धडा नीट उमगला होता. रायन डॅन्सी यांच्या पुढाकाराने २००० मध्ये नियमांचा गाभा खुल्या परवान्याखाली सोडण्यात आला, म्हणजे कोणालाही त्यावर आपले पुस्तक बेतता यावे. पण तीनच वर्षांत २००३ मध्ये तीच पुस्तके किरकोळ फेरफार करून ‘साडेतीन’ म्हणून पुन्हा विकायला आली, आणि २००८ ची चौथी आवृत्ती इतकी निराळी आणि तिचा परवाना इतका आवळलेला होता की, खुल्या परवान्याचा आधार घेऊन ‘पायझो’ या प्रकाशकाने २००९ मध्ये साडेतीनचेच पुनर्जीवन ‘पाथफाइंडर’ या नावाने केले आणि ते मूळ खेळाच्या तोडीस तोड उभे राहिले. त्याआधीच, २००६ मध्ये, काही जाणत्या खेळाडूंनी त्याच परवान्याच्या कलमांतून वाट काढत १९७७-७९ च्या प्रगत आवृत्तीचे नियम नव्या शब्दांत ‘ऑस्रिक’ म्हणून लिहून काढले होते. पुढे १९८१ च्या पुस्तकाची अशीच पुनर्रचना आधी ‘लॅबिरिंथ लॉर्ड’ने आणि मग २०१९ मध्ये ‘ओल्ड-स्कूल एसेन्शिअल्स’ने केली. २००९ च्या एप्रिलमध्ये ‘विझार्ड्स’ने चोरीच्या प्रतींचे कारण देऊन आपल्या पुस्तकांच्या पीडीएफ प्रती एका झटक्यात विक्रीतून काढल्या, जुन्या आवृत्त्याही. पण तोवर जुने नियम कंपनीच्या पुस्तकांवर अवलंबून राहिलेले नव्हते. चार वर्षांनी कंपनीने स्वतःहून त्या पीडीएफ पुन्हा विकायला ठेवल्या.

२०१४ ची पाचवी आवृत्ती हा या क्रमातला सन्माननीय अपवाद. ती लोकांसमोर दोन वर्षे उघडपणे खेळवून, त्यांचे ऐकून घडवली होती आणि जुन्या खेळाडूंना परत बोलावण्याची इच्छा तिच्या पानापानांत दिसत होती. ती अफाट चालली. आणि यश मिळताच विस्मरणही परतले. २०२३ च्या जानेवारीत खुला परवाना मागे घेऊन नवा, जाचक परवाना लादण्याचा कंपनीचा मसुदा फुटला. छोट्या प्रकाशकांपासून ते घरोघरच्या सूत्रधारांपर्यंत इतका संताप उसळला की, २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली आणि पाचव्या आवृत्तीचा नियम-गाभा ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’मध्ये, म्हणजे परत घेता न येणाऱ्या परवान्याखाली, ठेवला. जेमतेम दीड वर्ष उलटले तोच २०२४ च्या ऑगस्टमध्ये कंपनीच्या ‘डी अँड डी बियॉन्ड’ या डिजिटल सेवेने जाहीर केले की, लोकांच्या पात्रांच्या नोंदींतले जुने मंत्र आणि जादूच्या वस्तू नव्या नियमांप्रमाणे बदलल्या जातील; जुने हवे असतील तर ज्याने त्याने हाताने पुन्हा लिहून ठेवावेत. पुन्हा ओरड झाली आणि काही दिवसांतच निर्णय फिरवला गेला.

या शेवटच्या प्रसंगाकडे हसून दुर्लक्ष करता येत नाही. १४९७ च्या वाचकाच्या हातात कागद होता, १८७६ च्या अधिकाऱ्याच्या हातातही होता आणि मिनेसोटाच्या कपाटात तर ऐंशी वर्षे होता. पुढची आवृत्ती निघाली म्हणून मागची आपल्याच टेबलावरून उठून गेली, असे इतिहासात कधी झाले नव्हते. पुस्तक विकणाऱ्या धंद्याची अडचण खरी आहे: नियमपुस्तक झिजत नाही, संपत नाही, एक प्रत सहा जणांना तीस वर्षे पुरते, आणि भागधारकांना उत्तर द्यायचे असलेल्या कंपनीला ते जुने ‘ठरवल्या’वाचून गत्यंतर नसते. त्यात दुष्टावा शोधण्याचे कारण नाही. पण विकणाऱ्याची गरज ही खेळणाऱ्याची उणीव नव्हे, आणि जुन्या आवृत्तीवर टिकून राहणारे लोक हा भेद पाळतात एवढेच. पूर्ण झालेलाच नियमसंच मुरवता येतो. ज्याची पुढची दुरुस्ती कायम दाराशी उभी आहे त्याच्यात कोणी मुरत नाही.

जुन्यात सगळे सोने नव्हते, हेही स्पष्ट लिहायला हवे. चिलखत जितके चांगले तितका आकडा लहान, ही दुसऱ्या आवृत्तीपर्यंत चाललेली उलटी गणिते अनेकांना अकारण छळत राहिली आणि २००० मध्ये ती सरळ झाली हे बरेच झाले. १९७८ च्या खेळाडूंच्या ग्रंथात स्त्री-पात्रांच्या बळाला पुरुषांपेक्षा कमी मर्यादा घातली होती. ती तेव्हाही मूर्खपणाची होती. पण जुन्या पुस्तकावर खेळणाऱ्या कितीतरी टेबलांनी ती ओळ पेन्सिलीने खोडली आणि पुढे खेळले. देशी बुद्धिबळाने वजिराची चाल घेतली आणि प्याद्याची नाकारली, तशीच ही निवड. जुनी आवृत्ती पाळणे म्हणजे तिची पूजा करणे नव्हे. कोणते कलम ठेवायचे आणि कोणते खोडायचे हा अधिकार आपल्या टेबलावर ठेवणे होय. हाच अधिकार फेर्दीने पंचाला परत दिला होता आणि १९७४ च्या पेटीने वाचकाला.

हा खेळ शिकायला निघालेल्या मराठी मुलामुलींना माझे सांगणे इतकेच की, नव्या तीन जाड ग्रंथांची खरेदी करण्याआधी १९८१ ची ती चौसष्ट पाने, किंवा त्यांची एखादी सुटसुटीत पुनर्रचना, एकदा खेळून पाहा. आवडली नाहीत तर नवी आहेतच. आणि ग्रंथपालांना विनंती की, खेळांची नियमपुस्तके, मग ती बुद्धिबळाची असोत, पत्त्यांची असोत की भुयारातल्या राक्षसांची, ‘कालबाह्य’ असा शिक्का मारून रद्दीत काढू नका.